फाडायला दोन हात लागतात

थंडी पडली की माझं उजवं मनगट ठणकायला लागतं. केजमध्ये थंडी ती काय असणार? सकाळी आठपर्यंत अंगावर शाल, दुपारी पुन्हा पंखा. पण मनगटाला तेवढी पुरते. दिवाळी झाली, कपाशीची दुसरी वेचणी सुरू झाली आणि ऊसतोडीच्या टोळ्या घेऊन ट्रॅक्टर निघाले, की हाताला आपोआप कळतं. परवा बसस्टँडसमोरून असाच एक ट्रॅक्टर गेला. मागे दोन ट्रॉल्या, त्यांत पत्रे, बाजा, पाण्याचे ड्रम, चुलीचं सरपण, आणि या सगळ्याच्या वर तोंडाला रुमाल बांधून बसलेली माणसं. शाळेत पोचले तर आठवीच्या वर्गात अकरा जागा रिकाम्या. हजेरी घेताना मनगट ठणकत होतं आणि मी चिडलेली होते. कोणावर, ते नेमकं सांगता येणार नाही. या ऋतूत मी चिडलेलीच असते. तीन वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्यापासून.

मी चित्रकला शिकवते. म्हणजे शाळेच्या कागदावर तसं लिहिलेलं आहे. खरं तर मी अठरा वर्षं वांगं, किटली आणि एका बाजूला कललेला तांब्या शिकवत आले. ग्रेड परीक्षेत चांगली श्रेणी मिळाली की दहावीला वाढीव गुण मिळतात, म्हणून मुलं येतात, त्यांचे वडील येतात आणि विचारतात, "मॅडम, ए ग्रेड यील का?" चित्र कसं आहे, हे आजवर एकाही वडिलांनी विचारलेलं नाही. मीही कधी विचारलं नाही. रेघेबाहेर रंग जाऊ देऊ नका, पाण्याचा डबा बाकाच्या कडेला ठेवू नका, ही माझी दोन वाक्यं शाळेच्या भिंतींनाही पाठ झाली असतील.

त्या वर्षी परीक्षेच्याच दिवशी कोणीतरी पाण्याचा डबा कडेला ठेवला. तो व्हरांड्यात सांडला. हिरवंगार पाणी. त्यावरून माझा पाय घसरला आणि मी उजव्या हातावर पडले. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला, तेव्हाही पहिलं वाक्य तोंडातून गेलं ते हेच, "कडेला कोणी ठेवला?"

प्लास्टर कोपरापर्यंत. सहा आठवडे तरी, पुढचं नंतर बघू, असं डॉक्टर म्हणाले. नवरा परभणीला नोकरीला. तो रविवारचा येणारा माणूस. उजव्या हाताशिवाय बाईचं घरात काय चालतं? कुकरचं झाकण लागत नाही, वेणी येत नाही, साडीच्या निऱ्या राहू देत, ओढणीसुद्धा खांद्यावर राहत नाही. चार दिवस मी शेजारणींच्या दयेवर काढले आणि पाचव्या दिवशी मायकडे गेले. नांदूरघाटच्या अलीकडं फाट्यावर उतरून दोन किलोमीटर आत आमची वस्ती. पूर्वी घरात मेंढरं होती. आता अकरा शेळ्या आणि पावसावर अवलंबून असलेली थोडी जमीन. मी गेले त्याच आठवड्यात दादा आणि वहिनी टोळीबरोबर कारखान्यावर गेले. ट्रॉलीत चढताना दादा म्हणाला, "बरं झालं तू आलीस. मायकडं ध्यान दे." एका हाताने मी काय ध्यान देणार होते? पण तो खरंच निर्धास्त झाल्यासारखा दिसला, म्हणून मान हलवली.

मग घरात मी, माय आणि शेळ्या.

माय साठीच्या पुढची. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. बोलणं सतत चालू, कधी माझ्याशी, कधी शेळ्यांशी. आणि दोघींशी एकाच सुरात, त्यामुळं "उठ, बाहेर हो" हे कोणाला म्हटलंय ते कळायला वेळ लागायचा. माझी वेणी ती इतकी ओढून घालायची की भुवया वर जायच्या. भाकरी कुस्करून ताटात द्यायची. "डाव्या हातानं जेवू नकू, बरं न्हाई दिसत," म्हणायची, मी म्हणायचे, "मग काय शेळीसारखी तोंड घालून खाऊ?" वस्तीवरच्या बाया बघायला यायच्या. एकजण म्हणाली हळद-गुळाचा लेप लाव. प्लास्टरवर? दुसरी म्हणाली, तिच्या चुलत्याचा हात असाच मोडला तो कायमचा वाकडाच राहिला. हे सांगून ती शांतपणे चहा प्यायली.

त्या रात्रंदिवस पडून राहण्यात खरी भीती ही होती. हात वाकडा राहिला तर? चित्रकलेच्या बाईला सरळ रेघ आली नाही तर तिचं शाळेत काय काम? मी हे कोणाला बोलले नाही. चिडचिड करायला सोपी असते, भीती बोलायला अवघड.

पहिल्या रविवारी नवरा आला तो एक जाड कागदाची बांधीव वही घेऊन. म्हणाला, "डाव्या हातानं लिहायची सवय कर. मेंदूला चांगलं असतं म्हणे." कोण म्हणे, ते त्यालाही माहीत नव्हतं. पण दुसरं काही करायलाच नव्हतं, म्हणून ओसरीवर बसून मी अ काढला. बालवाडीतल्या लेकरासारखा अ. त्याचं पोट एकीकडं, काना एकीकडं. पन्नास अ काढले आणि एक्कावन्नावा पहिल्यापेक्षा वाईट आला. मी ते पान वहीतून ओढून काढलं आणि फाडायला गेले, तर फाटेना. एका हाताने कागद फाडता येत नाही, हे मला तोवर माहीतच नव्हतं. मी पान दातात धरलं आणि ओढलं.

माय शेण काढून येत होती. उंबऱ्यातच थांबली. "शेळी हायस का?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिनं हात पदराला पुसले, माझ्या तोंडातून कागद काढला, एक कड आपण धरली, दुसरी माझ्या डाव्या हातात दिली. म्हणाली, "हं, वढ."

मी ओढलं. कागद फाटला. तिनं उरलेला तुकडा धरला. "वढ." असं करत करत आम्ही दोघींनी त्या पानाचे तुकडे तुकडे केले. सगळं झाल्यावर ती म्हणाली, "फाडायचंच व्हतं तर लिहिलंस कावून?" आणि तुकडे चुलीकडं नेण्याआधी, तिची सगळ्या गोष्टी नीट लावायची खोड, तिनं ते ओसरीच्या फरशीवर एकापुढं एक मांडले. मोठे खाली, बारके वर. मला त्या क्षणी काहीही सुचलं नाही. उगाच कशाला खोटं बोलू? मी फक्त म्हणाले, "माय, जाळू नको. राहू दे."

मोबाइलवर मी तेव्हा दिवसभर चित्रफिती बघत होते. वहीत कागद चिकटवून रोजची नोंद ठेवणाऱ्या मुलींच्या. पांढरीशुभ्र टेबलं, वाळवलेली फुलं, लेस, चहाच्या पाण्यात बुडवून जुना केलेला कागद, आणि त्या मुलींची बोटं तर अशी की कधी भांडं घासलेलं नाही. सांगायच्या काय, तर "मनाला येईल ते करा." मनाला काय येतं हे ज्याला ठाऊक आहे त्यानं करावं! माझ्या मनाला फक्त वैताग येत होता. आणि कागद नव्हता. आमच्या घरात कागद असतो कुठं? शोधायला लागले तेव्हा कळलं, की असतो. कपाशीच्या बियाण्याची रिकामी पाकिटं माळवदाच्या लाकडात खोचलेली. फळ्यांवर अंथरलेली वर्तमानपत्रं. गेल्या वर्षीचं कॅलेंडर. पाहुण्यांच्या पोरींच्या लग्नपत्रिका, उदबत्तीचे पुडे, फवारणीच्या औषधाबरोबर येणारं, मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलं माहितीपत्रक. आणि माझ्या एक्स-रेचं खाकी पाकीट.

कात्री डाव्या हाताला येत नव्हती. कागद तिच्या पात्यात नुसता मुडपायचा. म्हणजे फाडणंच आलं. आणि फाडायला मायचा हात.

डिंक नव्हता, तेव्हा तिनं कणकेची खळ शिजवून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर वहीची दोन पानं गायब, आणि काळी पाठ दाराबाहेर तोंड हलवत उभी. पाठ म्हणजे तरणी शेळी. कणीक लावलेला कागद तिला मेजवानीच होती. मी ओरडले. माय म्हणाली, "थांब, खळीत लिंबाचा पाला वाटून घालू. कडू लागलं की जवळ येणार न्हाई." घातला. त्या रात्री पाठीनं तीन पानं खाल्ली. शेळ्यांना कडुलिंबाचा पाला किती आवडतो हे आयुष्यभर शेळ्या वळलेल्या बाईला ठाऊक नसावं? विचारलं तर म्हणते, "ठावं व्हतं. पर कागदाला लावल्यावर वळखणार न्हाई, असं वाटलं." मग वही पिठाच्या डब्यावर ठेवायला लागलो.

मला चित्र करायचं होतं कपिलधारच्या धबधब्याचं. निसर्गचित्र म्हणून मी ते मुलांना कितीदा काढून दाखवलंय: मागं डोंगर, मध्ये पांढरी धार, खाली कुंड, कडेला देऊळ. हात चालत नाही तर निदान कागदाचं तरी तेच करावं. बियाण्याच्या पाकिटांवरची हिरवी बाजू डोंगराला, कॅलेंडरच्या मागचा पांढरा धारेला. मी सांगत होते, माय धरत होती, मी फाडत होते. जागा मी बोटानं दाखवायची आणि चिकटवायचं तिनं. दोन दिवस लागले. धारेचा तुकडा कमी पडला, आणि मी पाणी प्यायला आत गेले तेवढ्यात तिनं औषधाच्या माहितीपत्रकाची एक लांब पट्टी त्या जागी लावून टाकली. छापील अक्षरांची. तीही उलटी.

"माय, हे काय केलंस? उलटं लावलंस!"

"उलटं?" ती वाकून बघायला लागली. "उलटं कशाचं?"

"अक्षरं उलटी आहेत."

"मला काय ठावं. मुंग्यावानी दिसायलं. खाली चालल्यात, म्हणून लावलं."

मी किती बोलले तिला! दोन दिवसांची मेहनत, माझा हात, सगळं काढलं. ती शेळ्या सोडायला गेली. मी रागानं वही मिटायला गेले आणि ते पान दिसलं. अक्षरं पडत होती. बारीक काळी अक्षरं, ओळीनं, एकावर एक, डोंगरावरून खाली. मी तोवर काढलेल्या कुठल्याच धारेतून पाणी पडलेलं नव्हतं. ती सगळी पांढऱ्या रंगाची पट्टी होती. इथं पडत होतं. आणि कुठं पडत होतं, तर "डोळ्यांशी संपर्क आल्यास" या ओळीतून. मला ती उलटीही वाचता येत होती. तेच माझं दुखणं. कागदाचा तुकडा हातात आला की मी तो आधी वाचायचे. मायला काहीच वाचता येत नव्हतं, म्हणून तिला सगळं दिसत होतं.

संध्याकाळी ती परत आली तेव्हा मी म्हणाले, "माय, ते ऱ्हाऊ दे तसंच."

"मग सकाळी वरडलीस कावून?" म्हणाली, आणि चार दिवस कागदाला हात लावला नाही. मला फाडता येईना. अखेर मीच तिच्यापुढं पत्रिका धरली, तेव्हा तिनं एक कड धरली. आम्ही समेट असाच केला. तिनं तोंड वाकडं ठेवून आणि मी वर न बघता.

संक्रांतीपर्यंत वही अर्धी भरली. कपाशी वेचून आलेल्या बाया उन्हाला बसायच्या, माय त्यांना वही दाखवायची आणि "आमी केलंय" म्हणायची. त्या "आमी"चा मला त्या दिवसांत त्रास व्हायचा. कल्पना माझी, वही माझी, मोडलेला हात माझा. आणि हिचं आमी.

प्लास्टर निघालं. हात बारीक, पांढुरका, कोणा दुसऱ्याचाच वाटावा असा निघाला. मनगट पूर्ण वळत नव्हतं. शाळेत रुजू होऊन फळ्यावर पहिली रेघ ओढली तर ती मध्येच थरथरली. मोठ्या सरांनी मात्र धीर दिला, आणि सांगितलं की बीडला कलाशिक्षकांचं प्रदर्शन आहे, काहीतरी पाठवा. हाताने काढलेलं नवीन काही नव्हतंच. मी वहीतली सहा पानं पाठवली.

प्रदर्शनात लोक थांबत होते. बाकीच्या निसर्गचित्रांपुढून पुढं सरकत आणि माझ्या धबधब्यापाशी थांबत. परीक्षक म्हणून आलेले वयस्कर चित्रकार चष्मा कपाळावर ढकलून जवळ गेले, मागं आले. मला म्हणाले, "अक्षरं उलटी लावण्यामागं तुमचा विचार काय होता?"

इथं मी खरं सांगू शकले असते. एक वाक्य पुरलं असतं. पण चार माणसं ऐकत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला कोणीतरी 'विचार' विचारत होतं. मी बोलायला लागले. म्हणाले, शेतातल्या विषाचं पाणी होऊन वाहणं, भाषेचं उलटणं, वाचता न येणाऱ्यांच्या नजरेतून जग... ते मान हलवत होते आणि मला माझा आवाज लांबून ऐकू येत होता. छान बोलले मी. पहिलं बक्षीस मिळालं. पाटीवर नाव माझं एकटीचं. परत येताना एसटीत मी ते प्रमाणपत्र मांडीवर उलटं धरून बसले होते, कोणी वाचू नये म्हणून.

पुढच्या रविवारी वस्तीवर गेले आणि मायला सगळं सांगितलं. रडेल, रुसेल असं वाटत होतं. तिला हसू फुटलं. "मला न्यायचं व्हतं की. म्या सांगितलं असतं त्या बाबाला, घाईत लागलंय म्हणून."

"माय, तुझं नाव लावायला पाहिजे होतं."

"लावून मला थोडंच वाचता येणार व्हतं?" असं म्हणून तिनं ती सहा पानं मांडीवर घेतली, एकेक बघितलं. मग सहज विचारलं, "अन् ह्यातलं तुझं कोणतं?"

मी बोट ठेवायला गेले आणि ते कुठंच टेकेना. या कोपऱ्यातला डोंगर माझा, पण तो तर मी वर्षानुवर्षं गिरवत आलेला. जिथं जिथं पान जिवंत होतं तिथं मायची घाई होती. तिनं काही मुद्दाम विचारलं नव्हतं. उत्तराची वाटही बघितली नाही. भाकरी टाकायला उठून गेली. मी मात्र त्या प्रश्नापाशी पुढचं वर्षभर बसून होते.

त्या वर्षाइतका वैताग मला मोडक्या हातानंही दिला नव्हता. मी मुद्दाम अक्षरं उलटी लावून बघितली. ती मुद्दाम लावलेली दिसायची. डोळे अर्धे मिटून कागद निवडून बघितला. डोळे मिटले तरी बोटांखालचं वाचलेलं मनात राहायचं. केजच्या दुकानातून रंगीत चिकटपट्ट्या आणल्या, फुलं वाळवली, चहात कागद बुडवला. चित्रफितीतल्या मुलीच्या पानासारखं पान झालं आणि मला ते बघवेना. मायला बोलावून घेतलं, म्हटलं धर. पण आता माझे दोन्ही हात चालत होते. ती म्हणाली, "तुझं तुला फाडता येतंय की आता," आणि टीव्ही बघत बसली. खरंच होतं तिचं.

मग गेल्या दिवाळीनंतर, याच दिवसांत, सातवीचं कपाट आवरत होते. चित्रकलेबरोबर वर्गाची जबाबदारीही माझ्याकडे असते. कपाटात रजेच्या अर्जांचा गठ्ठा होता. मुलांच्या हातचे, वहीच्या पानांवर लिहिलेले, अर्धवट फाटलेले. रद्दीत टाकायला उचलला आणि एक तुकडा खाली पडला. "वरील विषयास अनुसरून विनंती अर्ज करते की माझी आई" एवढंच. पुढचं फाटून गेलेलं.

मी तो तुकडा वाचला. पुन्हा वाचला. आणि पहिल्यांदाच मला वाचण्याचा राग आला नाही. मायला दिसतं, मला ऐकू येतं; एवढी साधी गोष्ट. त्या लेकराचा आवाज त्या अर्ध्या ओळीत होता. 'आई'मधली 'ई' शाई संपत आल्यानं फिकट झालेली. मी तो तुकडा वहीत सुलटा चिकटवला. शेजारी दुसरा, "पोटात दुखत असल्यामुळे मी". त्याखाली, "आजी घरी एकटी". नावं मी फाडून काढायची. रोज सकाळी शाळेआधी, दूध तापेपर्यंत जेवढा वेळ मिळेल तेवढा. ठरवून काही नाही. गठ्ठ्यातून जे हाताला येईल ते फाडायचं, वाचायचं, जिथं वाक्य अडकेल तिथं थांबायचं. कधी एक तुकडा आणि बाकी सगळं पान कोरं. मी आयुष्यात पहिल्यांदा पान कोरं सोडलं. त्या पानांकडं बोट दाखवून मला म्हणता आलं असतं की हे माझं.

या दिवाळीनंतर वस्तीवर गेले तेव्हा ती वही नेली. दादा-वहिनी निघून चार दिवस झाले होते. अंगणात बसून माय शेंगा फोडत होती. तिनं पानं उलटली, उलटी-सुलटी करून बघितली. "लई कोरं ठिवलंस," म्हणाली. मग, "काय लिहिलंय, वाच."

मी वाचायला लागले. "माझी आई..." म्हटलं की ती म्हणायची, "आजारी आसंल." "आजी घरी एकटी..." की लगेच, "म्हणून शेळ्या बांधायला थांबले." प्रत्येक वाक्य पुरं करत सुटली. मी वैतागले. "माय, ते अर्धंच ठेवायचंय. तेच तर त्यातलं..."

"अर्धं कावून ठिवायचं? समोरचं माणूस खोळंबून ऱ्हातंय की."

शेवटच्या पानावर एकच तुकडा होता. माझं सगळ्यात आवडतं पान. "मी परत आल्यावर राहिलेला". अक्षर किरटं, ओळीवरून खाली घसरलेलं.

"ही कोण?" मायनं विचारलं.

"कोमल म्हणून मुलगी होती सातवीत. गेल्या वर्षी आईबापाबरोबर कारखान्यावर गेली."

"आली का मग?"

शेंगा फोडायचा आवाज थांबला होता. मी म्हणाले, "न्हाई. जूनमध्ये शाळेत आली नाही. फोन लावला, तो बंद."

"अन् घरी गेलीस?"

मी गेले नव्हते. पटावर नाव होतं, रकान्यात गैरहजेरी होती, आणि वहीत तिचं वाक्य मी इतक्या नाजूकपणे चिकटवलं होतं की बघणाऱ्याचा गळा भरून यावा. तिच्या गावावरून माझी बस महिन्यातून दोनदा जात होती. मायनं फक्त वही माझ्याकडे सरकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोमलच्या गावात उतरले. घराला कुलूप. शेजारची बाई म्हणाली, "तिचे आईबाप गेलेत कारखान्यावर. पोरगी तर नांदूरघाटला, आत्याकडं. सहा महिने झाले की." म्हणजे मी ज्या दिशेनं आले तिकडंच. मायच्या घरापासून चार किलोमीटरवर! उन्हात अर्धा तास जीपची वाट बघितली, मग तिच्यात कोंबून परत मागं. सगळ्या वाटेत मी शाळेला, त्या बंद फोनला आणि स्वतःला शिव्या देत होते.

आत्याच्या अंगणात कोमल बोंडातून कापूस काढत बसली होती. वर्षात हातभर वाढलेली. मला बघून ताडकन उठली. "बाई! तुमी इथं कावून?"

"शाळेत का आली नाहीस?"

"जाते की शाळंत! इथल्या. आठवीत हाय. खोखोच्या टीममधी हाय." आत्यानं यंदा तिला कारखान्यावर जाऊच दिलं नव्हतं, बापाशी भांडून ठेवून घेतलं होतं. दाखला मागायचा राहून गेला, फोन बदलला, कळवायचं कोणाला सुचलं नाही. पोरगी अगदी ठणठणीत होती. माझ्या पानावरची मुलगी मात्र वर्षभर कुठंतरी उसाच्या फडात हरवलेली होती.

मला राहवलं नाही. वही काढून तिला ते पान दाखवलं. कोमलनं ते बघितलं. मला वाटलं, हसेल, लाजेल. तिचा चेहरा उतरला.

"फाडला का अर्ज, बाई? मंजूर न्हाई केला?"

मी काय सांगणार होते? कला म्हणून? मी म्हणाले, "चुकून फाटला."

"थांबा, दुसरा देते लिहून." ती आत पळाली, वही-पेन घेऊन आली, उंबऱ्यावर बसली. जीभ दातांत धरून लिहायला लागली. मान वर करून विचारलं, "तारीख तवाची टाकू का आजची?"

"तेव्हाची."

प्रति, विषय, महोदया. एकही ओळ सोडली नाही. "मी परत आल्यावर राहिलेला सर्व अभ्यास पूर्ण करीन. तरी माझी रजा मंजूर करावी ही नम्र विनंती." खाली पूर्ण नाव. अक्षर आता सुधारलं होतं. तिनं कागद माझ्यापुढं धरला आणि पेन दिला. मी 'मंजूर' लिहिलं, सही केली.

तिनं तो परत घेतला, सहीवर फुंकर घालून शाई वाळवली, नीट वाचला, आणि चार घड्या करून आपल्याच दप्तरात ठेवला. मी मागितला नाही.